साधं पाणी

लुसी डॉक्टरांशी माझं कधी पटलं नाही. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला त्या वसईतल्या तीन-चार दवाखान्यांत स्कूटरवरून फिरायच्या. आल्या आल्या आम्हा सिस्टर लोकांवर खेकसायच्या आणि चहाला न थांबता निघून जायच्या. त्यांच्या हाताला यश होतं, पण तोंड फार वाईट.

नव्याण्णव साली उमेळ्याच्या धोंडूबाई लेकीच्या तान्ह्या मुलाला हर्नियाच्या ऑपरेशनला घेऊन आल्या. बाळाला मूत्रपिंडाचा जन्मजात, क्वचितच आढळणारा आजार. अंगात पाणी ठरायचंच नाही, सगळं लघवीवाटे जायचं. साधं पाणी सतत पाजा, असं मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलेलं.

टेबलावर लुसी डॉक्टरांनी बाळाच्या टाळूवर बोट फिरवलं. टाळू खोल गेली होती, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. त्या तशाच बाहेर धोंडूबाईंकडे गेल्या.

"काय पाजलंत याला?"

"पानीच पाजला."

"खोटं बोलू नका."

रक्त तपासलं, तर त्यात मीठ भलतंच वाढलेलं. सर्जन संग्राम सर वैतागले. "अहो, दहा मिनिटांचं काम आहे."

"मी भूल देणार नाही. तुम्ही द्या, आणि पोर दगावलं की आजीला तुम्हीच सांगा."

धोंडूबाई तर अंगावरच धावून आल्या. "मुडदा बशिवला तुजा! पोराला सुकवून मारतेस? नुसत्या पान्यात काय ताकद? मीठ-साखर घालून दिला मी, जुलाबाच्या पोरांना देतात तसा!"

"तेच विष झालंय त्याला," लुसी डॉक्टर म्हणाल्या.

मीठ एकदम उतरवलं तर मेंदूला सूज येते. म्हणून दोन दिवस त्या बाटलीचे थेंब मोजत बसल्या, मला शिव्या घालत. मग भूल दिली. ऑपरेशन झालं, बाळ रडलं, आणि मला हायसं वाटलं.

इथेच थांबायला हवं होतं. पण लुसी डॉक्टर धोंडूबाईंना म्हणाल्या, "हा आजार आईकडून मुलाला येतो. तुमच्याकडून लेकीत आणि तिच्याकडून याच्यात आला असणार. तुमचा कुणी मुलगा गेलाय?"

"एक गेला. आठ म्हयन्यांचा."

"त्यालाही हेच पाजत होतात?"

विचारायची काय गरज होती? त्या क्षणी मला लुसी डॉक्टरांचा तिटकारा आला.

धोंडूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्या पांढऱ्या साडीकडे बघत राहिल्या.

"तुमच्यासारखीच नर्सबाय व्हती," त्या म्हणाल्या. "घरी येऊन मीठ-साखरेचा पानी करायला तिनंच शिकवला."