डिस्क अडकली तर मिशी काढीन!

व्हिडिओच्या धंद्यातले चार जण चहाला बसले, की किस्से असे निघतात की चहा गार होतो आणि दुसरा मागवावा लागतो. आमच्या तात्यांचे तर एका बैठकीत कधीच संपले नाहीत!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत तात्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ, आणि मी तिथला कॉम्प्युटरवाला. कॅसेटला बुरशी लागते म्हणून लोक सीडी मागायला लागले. पण कुठनं कुठनं करून आणलेल्या सीड्या घरी मध्येच अडकायच्या, नवरीच्या तोंडाचे चौकोन व्हायचे. तात्या इरेला पेटले. भर दुकानात मिशीवर हात ठेवून म्हणाले, "माझी डिस्क कुणाच्याबी घरात अडकली, तर ही मिशी काढीन!"

बातमी पार इंदापूरपर्यंत गेली. तात्यांच्या बायको, आमच्या काकू, तेवढ्या चिडल्या. "पैज लावायच्या आधी मला तरी विचारायचं!"

*

कॉम्प्युटरवर सीडी भरताना, म्हणजे आमच्या भाषेत डिस्क लिहिताना, लाईट डुलली की डिस्क गेलीच. आणि शेजारी पिठाची गिरणी, ती सुरू झाली की लाईट डुलायचीच! तात्यांनी गिरणीवाल्याशी ठरवलं, आमच्या दारात लाल रुमाल लागला की त्यानं गिरणी थांबवायची. त्यात तात्यांना घाई खपायची नाही, डिस्क एकदम सावकाश लिहायची.

एकदा एक मावशी दळणाचा डबा घेऊन थेट आत आल्या. "आरं, लगीन कुणाचं हाय? त्यांची डिस्क हुईस्तवर आमी भाकरी खायच्या न्हाईत व्हय?"

तात्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. रुमाल काही काढला नाही!

*

बाजारातला सगळ्यात नाठाळ, जरा काही झालं की अडकणारा सीडी प्लेअर तात्यांनी मुद्दाम आणला होता. त्याच्यावर अख्खी डिस्क चालली, तरच ती गिऱ्हाइकाच्या हातात. पुढं पळवायला बंदी! त्यामुळं दुपारी बायका दुकानात बसून परक्यांची लग्नं बघायच्या.

कन्हेरीच्या एका लग्नात नवरी निघाली, तर आमच्या दुकानात सगळ्यांचे पदर डोळ्यांना. मी एकीला विचारलं, "तुमची कोण?"

"कुणी न्हाय रं. पर पोरगी लई गुणाची हाय!"

*

वडगाव निंबाळकरचा एक जण तावातावानं आला. "तात्या, मिशी काढा! डिस्क लागतच न्हाय!"

तात्यांचा चेहरा उतरला. डिस्क हातात घेऊन बघतात तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकू, मधोमध झकास स्वस्तिक!

"नवी वस्तू घरात आली, आईनं पूजा केली," तो म्हणाला. "ट्रॅक्टरचीबी केली हुती."

"आरं, पण दुसऱ्या अंगाला करायची!"

"तात्या, कुकू तोंडाला लावत्यात. पाठीला कोण लावतं?"

तात्यांनी मऊ फडक्यानं डिस्क आतून बाहेर अलगद पुसली आणि लावली. खणखणीत चालली! त्या दिवसापासून तात्या नावाच्या बाजूला स्वतः कुंकवाचं बोट लावूनच डिस्क द्यायचे.

*

आता शेवटचा ऐका. तात्यांनी लेक इंदापूरला दिली. शूटिंग आमचं, डिस्क तात्यांनी स्वतः लिहिली, आणि ती घेऊन आम्ही व्याह्यांकडं गेलो. सगळी भावकी टीव्हीसमोर जमली. पैज सगळ्यांना ठाऊक! लोक टीव्हीकडं कमी आणि मिशीकडं जास्त बघत होते.

अक्षता झाल्या, जेवणं झाली, पाठवणी आली. पडद्यावर तात्या लेकीला धरून हमसाहमशी रडतायत, मिशी भिजलीय. आणि चित्र थांबलं!

"अडकली! अडकली!" एकच गलका झाला. व्याही हसत उठले, "आरं, वस्तरा आणा!" तात्या पांढरेफटक.

तेवढ्यात विहीणबाईंनी पदराखालून रिमोट काढला.

"गप बसा समदी. अडकली न्हाय, मीच थांबवलीय. आपल्या सुनंवर बापाचा किती जीव हाय, ते जरा नीट बघून घ्या."

लेक रडायला लागली. तात्या उठले, टीव्हीवरच्या स्वतःच्या रडक्या तोंडाजवळ गेले, खाली वाकून निरखून बघितलं आणि माझ्याकडं वळले.

"बघ की लेका! कॅसेट थांबवली की नुसती थरथरती. हितं एक रेघ तरी हलतीया का?"