आत्याची विहीर आणि माझा प्रबंध

माझी पीएचडी तेलावर आहे म्हटलं की अंबरनाथमधले निम्मे नातेवाईक विचारतात, "काढलंस का मग? घरातलं गोडेतेल संपलंय." मी आता हसत नाही. तडे गेलेल्या खडकात एका विहिरीतून पाणी सोडायचं आणि त्या रेट्याने दुसऱ्या विहिरीतून तेल वर आणायचं, हे सगळं कॉम्प्युटरवर घडवून बघायचं, एवढंच माझं काम. त्यात डोकं खातं ते पाणी. आपल्याला वाटतं, ते शहाण्यासारखं खडक भिजवत, तेल ढकलत जाईल. कसलं काय! फट सापडली की ते सुसाट पळतं आणि थेट दुसऱ्या विहिरीत जाऊन पडतं.

वांगणीला माझी आत्या राहते. घरामागे भाजीचा मळा, मळ्यात विहीर. कुंपणापलीकडे स्वस्त फ्लॅटची बिल्डिंग झाली. बिल्डरने मारलेली बोअर कोरडी गेली आणि गटार काही त्याने बांधलंच नाही. मग सोसायटीने शक्कल लढवली, सांडपाणी त्या कोरड्या बोअरमध्ये सोडायचं. आत्याचा फोन आला तशी मी लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या मीटिंगला गेले.

"कितीही पाणी ओता मॅडम, घेते ती बोअर," सेक्रेटरी कौतुकाने म्हणाला.

"घेते म्हणजे खाली फटी आहेत," मी म्हटलं. "आणि ते पाणी कुठेतरी जाणारच ना?"

मी स्क्रीनवर दाखवलं. बोअरमधून निघालेला लाल रंग काळ्या कातळातल्या फटींतून आत्याच्या विहिरीत उतरत होता.

"एकदम गेमसारखं वाटतंय," सेक्रेटरी म्हणाला. सगळे हसले. "आणि तुमचा अभ्यास तेलाचा. इथे कुठे तेल आहे? उगाच पब्लिकला टेन्शन देऊ नका."

फटीला काय फरक पडतो हो, तेल आहे की तुमच्या मोरीचं पाणी? हे मी ओरडूनच विचारलं, त्यामुळे उरलेसुरलेही त्याच्या बाजूने गेले. माझे गाइड म्हणाले, तिथल्या खडकाची मोजमापं आपल्याकडे नाहीत, जपून बोल. जपून बोलायला त्यांचं काय जातंय? त्यांच्या घरी नळ आहे.

पाइप बोअरमध्ये गेला.

दिवाळीनंतर वांगणीला गेले. आत्याकडे चपला काढायच्या आधी हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या येतो, आल्यागेल्याला ती तसं सोडतच नाही. त्या दिवशी तिने मला सीलबंद बाटली दिली. देताना माझ्याकडे बघितलं नाही. मी मळ्यात जाऊन विहिरीत वाकले तर वासाने मागे सरले. तशीच तडक बिल्डिंगमध्ये गेले.

"काढला ना पाइप कालच," सेक्रेटरी म्हणाला. "झालं की मग. विषय संपला."

मी आजवर कुणाची कॉलर धरलेली नाही. त्याची धरायला हात शिवशिवत होते. संपला म्हणे! फटींमधलं पाणी वाहून जाईल, पण खडकाच्या पोटातल्या बारीक बारीक छिद्रांत जे मुरलं, ते तिथेच बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं झिरपत राहतं. छिद्रांत अडकलेलं तेल हजार युक्त्या करूनही बहुतेक आतच राहतं, ते याच खोडीने. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच आहे. त्यातल्या आलेखाचं मला फार कौतुक होतं. आता तो उघडला की संताप येतो.

परत आले तेव्हा आत्या विहिरीच्या काठावर बसली होती.

"तू तं खडकातला तेल काढतेस ना गो?" ती म्हणाली. "मंग ही घान काढ ना भायेर."

"नाही निघणार आत्या. तुझ्या-माझ्या हयातीत पुरती नाही निघणार."

"मंग इतकी वर्सं शिकलीस तरी काय?"

"हेच," मी म्हटलं.