बारशाचा वरवंटा आणि दरीकडची खिडकी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाही. पाचगणीतल्या एका निवासी शाळेत मी मुलींच्या होस्टेलची मेट्रन होते. दर पावसाळ्यात कुणा ना कुणाला जिन्यावर पांढरी बाई दिसायची... आणि दर वेळी मी टॉर्च घेऊन जायचे आणि वाळत घातलेली चादर काढून आणायचे. तेव्हा 'मावशी, भास झाला असेल' असं लिहायच्या आधी पूर्ण वाचा. हे घडलं ते सकाळच्या लख्ख उन्हात, भरल्या घरात.

माझं घर पाचगणीच्या कडेला, वाईच्या बाजूच्या उतारावर आहे. बैठं, तीन खोल्यांचं. समोर दरी, त्यामुळे वारा थेट घरात. खिडक्या जुन्या लाकडी. पावसात फुगणार, उन्हात आकसणार, आणि फटींतून वर्षभर शिट्टी वाजणार. मला सवय होती. पण माझी लेक सायली पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे येणार होती, तेही ऐन थंडीत. तिचं सासर सांगलीजवळ. डोहाळजेवणाला तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, माझ्या हॉलमध्ये पदर घट्ट ओढून बसल्या आणि चारचौघींत म्हणाल्या, "आवं, तुमच्याकडं बसल्या जागी केस उडत्यात की! लय गार वारा हाय. बाळ-बाळंतीण आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि माहेरी नाही?

"बारशाला या, विहीणबाई," मी म्हटलं. "त्या खोलीत तुमचा पदर तसूभर हलला तर नाव बदलीन."

आणि मग मी जी कंबर कसली! दरीकडची खोली बाळंतिणीसाठी ठरवली. खिडकीच्या हलणाऱ्या काचा पुट्टीने बसवल्या, चौकटीला फोमची पट्टी चिकटवली, वरच्या झरोक्यात पुठ्ठा ठोकून त्यावर टेप मारला. दाराखाली बोटभर फट होती. तिथे जुन्या साडीची नळी शिवून तिच्यात वाळू भरली आणि ती आतून दाराला लावायची सोय केली. सायली त्याला 'आईचा साप' म्हणायची. शेवटी उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेकडेने फिरवली. आधी धूर नुसता भेलकांडायचा. आता सरळ रेषेत वर. मी एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या — खरंच!

नात झाली. वजनाला जरा कमीच. साताऱ्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "हिला गार वारा लागू देऊ नका." मी मनात म्हटलं, वाऱ्याची काय बिशाद!

बारशाच्या आदल्या दिवशी विहीणबाई आल्या — सोबत जावई मंदार, एक लोखंडी शेगडी आणि पोतंभर कोळसा. खोलीत गेल्या, बाजेवर टेकल्या. पदर हलला नाही. बराच वेळ बसल्या. तरी हलला नाही.

"व्हय, मानलं तुमाला," त्या म्हणाल्या. "पण बाजंखाली शेगडी पायजेच. शेक मिळाला की बाळंतिणीचं अंग भरून येतंय."

मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. म्हटलं, एक काय, दोन लावा.

बारशाच्या सकाळी मायलेकींच्या आंघोळी झाल्या, ओव्याची धुरी झाली, आणि बाजेखाली रसरशीत कोळशांची शेगडी ठेवून आम्ही बाहेर आलो. "दाराला साप लावून घे गं," मी सायलीला सांगितलं. तिने आतून लावला आणि बाळाला कुशीत घेऊन पडली. हॉलमध्ये दोन शेजारणी पाळणा सजवत होत्या. मंदार अंगणात गाडी धूत होता. मी आणि विहीणबाई मागे स्वयंपाकघरात.

आमच्याकडे बारशाला बाळाआधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. त्याला गोप्या म्हणायचं. आम्ही दोघींनी त्याला तेल लावलं, अंगडं घातलं, कुंची बांधली. गाठ माझी — होस्टेलची, कुणाला सुटत नाही ती. देवापुढे पाटावर त्याला आडवा केला आणि घुगऱ्यांकडे वळलो. मीठ कमी की बरोबर, यावर आमचं जुंपलं होतं...

तेवढ्यात खळ्ळकन काच फुटली, आणि अंगणातून मंदारची हाक आली. "आई! आई, खिडकीतून गोप्या बाहेर आला!"

मी पाटाकडे पाहिलं. पाट रिकामा.

हॉल ओलांडून धावले. शेजारणी पाळण्याजवळ तशाच फुलं हातात धरून उभ्या. दार ढकललं तर जड — साप आतून जागच्या जागी होता. खांद्याने रेटून आत शिरले. सायली बाजेवर, डोळे अर्धवट उघडे, चेहरा उतरलेला, हाक मारली तर ओठही हलेनात. बाळ तिच्या कुशीत निपचित. आणि फुटलेल्या काचेतून दरीवरचा वारा भणाणत आत येत होता. थेट त्या दोघींच्या तोंडावर.

मी बाळाला उचलून त्या खिडकीपाशीच नेलं. ज्या वाऱ्याशी मी महिनाभर भांडले, त्याच्याच पुढ्यात धरलं तिला. एकदा आचका दिला... आणि मग जी रडली! इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. विहीणबाईंनी शेगडी तशीच उचलून बाहेर फेकली, हात भाजला तरी त्यांना कळलं नाही.

मंदारने गाडी हाणली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या गॅसला ना रंग ना वास. बंद खोलीत माणूस झोपेतच जातं. "नशीब तुमचं, काच फुटली. अजून थोडा वेळ गेला असता तर..." मी आणि विहीणबाई एकमेकींचा हात धरून बाकावर बसलो होतो. तोवर कधीच धरला नव्हता.

मायलेकी ठणठणीत होऊन घरी आल्या, आणि मग बारसं झालं. असं बारसं पाचगणीने पाहिलं नसेल! गोप्याला पाळण्याच्या वरून-खालून फिरवताना आम्ही बायका हसतही होतो आणि रडतही होतो. त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. कुंचीची गाठ माझीच, तशीच.

मंदार इंजिनिअर आहे. उष्णतेने काच तडकते, हे त्यानेच सांगितलं. पण तडकलेल्या काचेतून स्वयंपाकघरातला वरवंटा कसा बाहेर पडतो? काचा तर सगळ्या अंगणात होत्या, आत एकही नाही. दार बंद, साप जागेवर, हॉलमध्ये दोन बायका. सायली म्हणते, "आई, मला सगळं दिसत होतं, नुसता हात उचलत नव्हता. खोलीत कुणीच आलं नाही." मंदारने टेप घेऊन अंतरं मोजली, खूप वेळ मोजली, आणि मग टेप गुंडाळून खिशात ठेवला.

आता नात बागडते आहे. दर हिवाळ्यात येते, सोबत विहीणबाईही येतात. त्या खिडकीत मी नवी काच बसवली, पण एक कोपरा मुद्दाम जाळीचा ठेवला. नात झोपायच्या आधी मी अजूनही तिथे उदबत्ती धरते. धूर वाकला की मगच दिवा मालवते. वारा येतो, पदर उडतो, आणि विहीणबाई डोक्यावरून शाल घेत म्हणतात, "येऊ दे गं बाई, येऊ दे."

गोप्या फळीवर असतो, कुंची घालून. नातीला नवा फ्रॉक शिवला की त्यालाही अंगडं शिवते. विहीणबाईंनी त्याला सांगलीला मागितलंय. मी दिलेला नाही, देणारही नाही. हे कसं घडलं ते मला आजही माहीत नाही. कुणाला उत्तर सापडलं तर जरूर कळवा. चटणी मी मिक्सरमध्ये वाटते. गोप्याने त्याचं काम केलंय.