अंदाजाचा वारा

घराकडं, मलकपेठला, माझं कुणी खरं धरत नाही. कुकटपल्लीच्या ऑफिसात मी झाडते-पुसते, चहा देते. तिथली शिकलेली माणसं दिवसभर वाऱ्याचे भोवरे मोजतात म्हटलं की बहीण म्हणते, "कुछ भी नक्को बोल." अगं, त्या भोवऱ्यांपायी माझी नोकरी जात होती! किस्से असे साचलेत की पोट फुगलंय.

हिवरेकर सर म्हणजे आमचे मोठे साहेब. त्यांना एकदा विचारलं, वाऱ्यातले सगळे भोवरे मोजता का? म्हणाले, "नाही हो सरूबाई, एवढा कॉम्प्युटर कुणाकडंच नाही. बारीक भोवऱ्यांचा आम्ही अंदाज धरतो." अंदाज! आणि त्यावर म्हणे विमानाचं इंजिन बनतं. मी बेगम बाजारात हळदसुद्धा अंदाजानं घेत नाही.

लावण्या मॅडम डॉक्टरेट झालेल्या. मोठं गणित लावायच्या आधी मशीनला लिंबू-मिरची बांधतात. हे काय म्हटलं, तर म्हणाल्या, "दिष्टी लागते."

मॅडमच्या जोडीला इम्रानभाई. भोवऱ्यांचा त्यांचा अंदाज वेगळा, मॅडमचा वेगळा. त्यावरून दोघांचं बोलणं बंद, डबेसुद्धा पाठीला पाठ लावून. कुणाचा बरोबर, मी सरांना विचारलं. "दोघांचाही चूक. कमी चूक कुणाचा, त्याचं भांडण आहे." मी चहाची किटलीच खाली ठेवली.

मग तो सोमवार. आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानाचं गणित पार बिघडलेलं, आकडे वेड्यासारखे, आणि दुपारी ते बघायला विमान बनवणारे यायचे होते. हिवरेकर सरांनी सगळ्यांदेखत मला धरलं. फडक्यानं प्लग हलला असणार, उद्यापासून येऊ नका म्हणाले. मी शपथा घेतल्या. घरी दोन पोरी शिकतात, म्हणून हातसुद्धा जोडले.

इम्रानभाई म्हणाले, प्लग हलला असता तर मशीन बंद पडलं असतं, ते तर चालू आहे. लावण्या मॅडमनी गणित उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. कुणीतरी जुन्या पाण्याच्या पंपाचं गणित उचलून त्यावरच विमान बसवलं होतं. भोवऱ्यांचा अंदाजही पाण्याचाच. पाणी दाबलं तर दबत नाही, हवा दबते, आणि इथं हवेलाच पाणी करून टाकलेलं. एवढी शिकलेली माणसं! मी तर भिंतीला टेकले.

सरांचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. "कुणी उचललं ते? मला नाव पाहिजे. सरूबाईंनाही ऐकू दे."

मॅडमनी गणिताखाली नोंदलेलं नाव शोधलं. आणि वाचून दाखवलं.

"हिवरेकर, सर."