ऐंशी किलोमीटरच्या पुढचा रस्ता

माझा देवावर विश्वास होता की नव्हता, हे मला नीट सांगता आलं नसतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, खुलताबादच्या मारुतीरायाच्या भक्त, आणि मी शाळेत विज्ञान शिकवणारी. त्यांच्यासोबत दर्शनाला जायचे, हात जोडायचे, पण मनात ‘हे नेमकं कसं होतं?’ हाच प्रश्न घोळत असायचा.

मागच्या उन्हाळ्यात आई, हे आणि मी फर्दापूरला नणंदेकडं गेलो होतो. सकाळीच आईंना दम लागला. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, शहरातल्या त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला आणि थेट तिकडंच न्यायला सांगितलं. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मग आमच्याच गाडीत मागच्या सीटवर आईंना उशांना टेकवून बसवलं, शेजारी सिलिंडर पट्ट्यानं बांधला. “आता उगाच हलवू नका,” डॉक्टर म्हणाले.

घाट चढून वर आलो आणि टायरचा दिवा लागला. मागच्या टायरमध्ये खिळा घुसला होता. हवा गेली होती, तरी गाडी बसली नव्हती. ही रन-फ्लॅट टायरं; त्यांच्या बाजू इतक्या कडक की हवा नसतानाही वजन पेलतात. म्हणून गाडीला स्टेपनीच नव्हती. मी गाडीचं पुस्तक उघडलं. वेग ऐंशीच्या आत ठेवला तर साधारण ऐंशी किलोमीटर जाईल. ओझं आणि ऊन जास्त असेल तर त्याहून कमी. शहर तर ऐंशीच्याही पुढं होतं. आईंच्या काळजीनं जीव कासावीस झाला होता, आणि तरीही मला कुतूहल वाटत होतं, की ऐंशीनंतर काय होत असेल?

तेवढ्यात समोरून एक छोटी जुनी गाडी येऊन थांबली. पांढऱ्या कपड्यांतलं साठीचं जोडपं उतरलं. बुद्धाच्या लेण्यांत वंदनेला निघाले होते.

“जय भीम. काय झालं ताई?”

ह्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या गाडीत एसी नव्हता, त्यामुळे एवढ्या उन्हात आईंना तिकडं हलवायचा धीर होईना. ते काका टायरपाशी वाकले.

“किती चालंल हे?”

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

“मंग चला तुम्ही. आम्ही मागं येतो. बंद पडलं तर आईला आमच्या गाडीत घेऊ.”

“अहो, तुमचं दर्शन राहील,” हे म्हणाले.

“लेणी कुठं पळत नाय. तुम्ही निघा लवकर!”

ओझं कमी व्हावं म्हणून त्यांनी आमच्या बॅगाही आपल्या गाडीत टाकल्या.

हे गाडी हळू चालवत होते. मी आईंचा हात धरून मनात एकच म्हणत होते, ‘मारुतीराया, टायर टिकू दे.’ सिल्लोड गेलं. फुलंब्री मागं पडली आणि गाडी थरथरायला लागली, जळक्या रबराचा वास आला. चमत्कार व्हायचा तर तो आत्ताच व्हायला हवा, असं मला वाटलं. टायर फाटलं.

आम्ही उतरेपर्यंत मागच्या गाडीचं दार उघडलं होतं. त्या मावशींनी सीट मोकळी केली, पाण्यानं पदर भिजवला, आईंना खांद्याशी टेकवून घेतलं. सिलिंडर त्यांनी आपल्या पायांत धरला होता. “माय, दम धर. आलंच आता दवाखाना,” असं म्हणत वाटभर त्या ओल्या पदरानं वारा घालत राहिल्या. आईंनी त्यांचं बोट घट्ट धरलं होतं.

वेळेवर पोचलो. आई बऱ्या झाल्या. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “टायर शेवटी किती चाललं गं?”

“पुस्तकात लिहिलं होतं तेवढंच.”

“आन् पुढं?”



मी सबंध वाट टायरसाठी प्रार्थना करत होते, आणि तिचं उत्तर घाटमाथ्यापासून आमच्या मागं येत होतं. आता हात जोडते तेव्हा काय द्यायचं, ते त्याला मी सांगत नाही.