पातळ रक्ताची मिजास

काचवाल्याला कशाची मिजास असावी? हुनराची तर नव्हतीच, त्याने कापलेली काच चौकटीत पहिल्या खेपेला कधी बसली नाही. मिजास होती रक्ताची. "आपलं ओ गटाचं! कुणालाही चालतं!" हे तो गिऱ्हाइकाला काचेच्या भावाआधी ऐकवी. सकाळी बोट कापलं की रक्त दुपारपर्यंत गळायचं, आणि हा शहाणा चिंधी गुंडाळून छाती फुगवायचा. "आमच्या घराण्याचं रक्तच पातळ. पातळ म्हणजे शुद्ध!" आजोबांचा सदा घोळणा फुटायचा, आत्याचा दात काढला तर उशी भिजायची, या लोकांच्या लेखी ती खानदानी लक्षणं. ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं ती मनात म्हणे आणि भांडी जरा जोरात आपटे.

मुलीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार?"

"छे! एकालाही नाही."

बरं, तो थापही मारत नव्हता. जे घरात सगळ्यांनाच होतं, त्याला आजार म्हणण्याइतकी अक्कल कुणाला होती!

"यांचं ऐकू नका," बायको म्हणाली. "यांच्याकडे कुणाचंच रक्त वेळेवर थांबत नाही. पोरीची पाळी आली की गादीसुद्धा भिजते."

काचवाल्याने डोळे वटारले. बायकोने ढुंकूनही पाहिलं नाही.

तपासणीत रक्त गोठायला मदत करणारा एक घटक मुलीत फारच कमी निघाला.

"ओ गटाचा परिणाम असेल," काचवाला ऐटीत म्हणाला.

"ओ गटात तो थोडा कमी असतोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण इतका नाही. हा आजार आहे, आणि बहुतेक तुमच्याकडून आलाय. तसंच ऑपरेशन केलं असतं तर जिवावर बेतलं असतं. आता आधी औषध देऊ. घरात कुणी बाळंतपणात गेलंय?"

"धाकटी बहीण. पण ती मुळातच नाजूक हो. दमच नव्हता तिच्यात."

"नाजूक?" बायकोचा आवाज चढला. "माझा हात धरून ती म्हणत होती, वहिनी, थांबत नाहीये. आणि तुम्ही दारातून सांगितलंत, घाबरू नकोस, आपल्याकडे असंच असतं."