कर्नल पंडागळे आणि बारा वर्षांचा नियम

एस्तेरचा फोन सकाळी सव्वासातला आला. "काका, पप्पा गेले. मातीविधी उद्या चार वाजता. आणि जागा... जागा भिंतीकडचीच मिळालीय." वडिलांच्या निधनाची बातमी देताना मुलगी जागेचे का बोलते, हे दुसऱ्या कोणाला उमगले नसते. कर्नल शमुवेल पंडागळे यांनी लष्कराच्या विधी शाखेत पूर्ण कारकीर्द काढली, पण त्यांच्या आयुष्यातले शेवटचे प्रकरण याच जागेचे होते. त्याच्या सुनावणीला मी हजर होतो. "बातमी करायची नाही," असे त्यांनी तेव्हा बजावले होते. आता एस्तेरच्या परवानगीने लिहितो आहे.

आमची ओळख एका चुकीतून झाली, आणि ती चूक माझी होती. एका अधिकाऱ्याला लष्करातून काढून टाकल्याच्या बातमीला मी 'मेजरचे कोर्ट मार्शल' असा मथळा दिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन वाजला. "अहो, कोर्ट मार्शल हे न्यायालयाचं नाव आहे, शिक्षेचं नाही. लोक त्यातून निर्दोषही सुटतात. छापण्याआधी आपल्याकडे कोणी वाचतं का?" खुलासा छापू, असे मी म्हणालो. "या वर्षी छापाल का?" पलीकडून प्रश्न आला. खुलासा छापून आला, त्या दिवशी ते स्वतः कार्यालयात आले आणि नियमांच्या झेरॉक्स प्रती माझ्या टेबलावर ठेवून, बिनसाखरेचा चहा पिऊन गेले. पुढची तीस वर्षे असा चहा चालू राहिला, बहुतेक वेळा हडपसरच्या बाजूला त्यांच्या फ्लॅटमध्ये. मी कर्वेनगरहून स्वारगेटला बस बदलून जायचो. पोहोचायला उशीर झाला की ते घड्याळाकडे न बघता वेळ सांगायचे.

त्यांचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. कर्नलांनी पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतले आणि ते सैन्यात गेले. कोर्ट मार्शलमध्ये कायदा समजावून सांगायला जो अधिकारी बसतो, त्याला निकालात मत नसते. ते काम त्यांनी अनेक वर्षे केले. एकदा रजा संपूनही परत न आलेल्या एका जवानाच्या खटल्यात त्यांनी सगळी सुनावणी थांबवायला लावली, कारण त्या जवानाला साक्षीदार बोलवायला वेळच दिला गेला नव्हता. वरिष्ठ चिडले. जवानाला शेवटी शिक्षा झालीच. "मग उपयोग काय झाला?" असे मी विचारले होते. "त्याचं ऐकून झाली," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पत्नी रूथबाई भूगोल शिकवत. बदलीचा कागद आला की त्या एस्तेरला आधी तिथला पाऊस आणि पिके शिकवायच्या, सामान नंतर बांधायच्या. घरात हुकूम त्यांचा चाले, आणि त्यावर अपील नसे.

निवृत्तीनंतर कर्नलांनी त्यांच्या चर्चच्या मंडळीचे एक काम अंगावर घेतले, जे कोणालाच नको होते... दफनभूमीचे. शहरातल्या दफनभूमीत जागा कमी, म्हणून एकाच कुटुंबातल्या दुसऱ्या माणसासाठी जुनी कबर पुन्हा उघडण्याची पद्धत आहे. किती वर्षांनी उघडायची, याला धरबंध नव्हता. वजनदार घरांना हवे तेव्हा मिळे, बाकीच्यांना कारणे मिळत. एकदा एक कबर फार लवकर उघडली गेली आणि जे कोणी बघू नये ते काठावर उभ्या असलेल्या नातेवाइकांनी बघितले. त्यानंतर कर्नलांनी नियम लिहिला. पहिल्या दफनाला बारा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कबर उघडायची नाही, तोवर कुटुंबात कोणी गेले तर रांगेतली पुढची मोकळी जागा, एकदा माती दिली की हलवायचे नाही, अपवाद नाही. मंडळीने तो एकमताने संमत केला.

पहिला तडाखा बसला मार्थाबाईंना. त्या निवृत्त परिचारिका. मुलगा डॅनिएल अपघातात गेला. त्याला वडिलांच्या कबरीत ठेवावे, ही त्यांची विनंती होती. नवऱ्याला जाऊन बारा वर्षे व्हायला चार महिने कमी होते. कर्नलांनी नकार दिला. डॅनिएलला भिंतीकडच्या रांगेत जागा मिळाली, वडिलांपासून दफनभूमीच्या दुसऱ्या टोकाला. त्यानंतर मार्थाबाई चर्चमध्ये येत राहिल्या, फक्त कर्नलांच्या बाकाजवळ बसणे त्यांनी सोडले.

पुढे रूथबाई गेल्या. त्यांच्या दगडावर नावाखाली कर्नलांनी आपल्या नावापुरती जागा कोरी सोडली. नऊ वर्षांनी त्यांचे स्वतःचे दुखणे निघाले. डॉक्टरांनी उरलेला वेळ महिन्यांत सांगितला, वर्षांत नाही. तेव्हा या माणसाने एक गोष्ट केली, जी मला अजूनही अनपेक्षित वाटते. आपल्याच नियमातून सूट मिळावी, असा अर्ज त्यांनी केला. दफनभूमीच्या समितीचे अध्यक्षपद आधी सोडले, मग अर्ज दिला. चर्चचे पाळक म्हणाले, "साहेब, अर्जाची गरजच नव्हती. मंडळीत कोणाची ना नाही."

"ते विचारल्यावर कळेल. मार्थाबाईंना बोलवा. त्या आल्याशिवाय अर्ज वाचायचा नाही."

सुनावणी रविवारी उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये झाली. कर्नलांना आधार लागत होता, म्हणून एस्तेर आणि मी सोबत होतो. मार्थाबाईंनी अर्ज पूर्ण ऐकला. "रूथबाईंना जाऊन नऊच वर्षं झालीत. माझे चार महिने कमी पडले होते."

"मार्थाबाई, आता जुनं कशाला उकरायचं?" एक सभासद म्हणाले.

"उकरायचा अर्ज माझा नाही, साहेबांचा आहे." हॉलमध्ये कोणीतरी हसले. मार्थाबाई पुढे म्हणाल्या, "माझी हरकत नाही. उघडा कबर. फक्त आधी एवढं लिहा, की डॅनिएलच्या वेळी चूक झाली."

सगळ्यांनी कर्नलांकडे पाहिले. लिहायची होती ती एक ओळ. पाळकांनी पेनही पुढे केले. कर्नलांनी पेन टेबलावर ठेवले. "चूक नव्हती झाली, मार्थाबाई."

"मग झालं तर," म्हणून त्या खाली बसल्या.

कर्नलांनी अर्ज परत मागितला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. "मागे घेतो," ते म्हणाले.

परतताना रिक्षात एस्तेर रडली नाही, भांडली. "एक ओळ होती पप्पा. आई तिथे एकटी आहे."

"ती ओळ खरी नव्हती."

"कोण तपासणार होतं?"

"मार्थाबाई." थोड्या वेळाने ते म्हणाले, "अर्ज करायलाच नको होता मी. पण राहवलं नाही." इतक्या वर्षांत स्वतःबद्दल याहून जास्त बोललेले मी त्यांना ऐकले नाही. त्यानंतर ते दोन महिने जगले. जागेचा विषय त्यांनी काढला नाही, एस्तेरने काढला की ते डोळे मिटून घेत.

मातीविधीला गर्दी होती. सेवेतले काही जुने सहकारी आले होते. भिंतीकडच्या रांगेत, डॅनिएलपासून थोड्या अंतरावर, त्यांना माती दिली. लोक पांगल्यावर मार्थाबाई छत्री टेकत एस्तेरजवळ आल्या. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे.

"आईकडे जाऊन आलीस?"

"नाही."

"आधी तिकडे जायचं. मग कडुनिंबाखालून मधली वाट आहे, तिने इकडे यायचं. तिथे पावसाळ्यात चिखल नसतो. आणि फुलं आणशील तर दोन पिशव्यांत आण. एका पिशवीत आणली की पहिल्याच ठिकाणी सगळी संपतात."

पप्पांनी ती ओळ लिहायला हवी होती, असे एस्तेर अजून म्हणते. मी वाद घालत नाही. रविवारी उपासना संपली की ती दोन पिशव्या घेऊन निघते. आधी आईकडे.